टर्बोचा बिघाड, वॉरंटीचा नकार आणि ग्राहक आयोग: एक अनुभव

माझ्या गाडीच्या टर्बोचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, प्रश्न मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संपला. या काळात मी जिथे-जिथे अडलो, तिथे पुढचे पाऊल कोणते हे मराठीत सविस्तर लिहिलेले मला सापडले नाही. तांत्रिक बाजू समजावणारे कायद्याबद्दल काही सांगत नव्हते, आणि कायदा सांगणाऱ्यांना टर्बोतली वेस्टगेट नावाची झडप म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने आणि खर्चाच्या आकड्यांसह लिहून ठेवत आहे. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी घेतलेले नाही. नाव कळून वाचकाचा फारसा लाभही नाही, कारण लहान टर्बो पेट्रोल इंजिनांमधील वेस्टगेटच्या तक्रारी कोणत्याही एका कंपनीपुरत्या मर्यादित नाहीत.

गाडी मी नोव्हेंबर २०२० मध्ये घेतली. एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, सुमारे १२० अश्वशक्ती, सहा गिअर आणि जरा कडक सस्पेन्शन, असा तिचा स्पोर्टी अवतार होता. किंमत ११ लाख ४० हजार. दोन वर्षांची मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी १६,००० रुपये भरून मी ती आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतली होती. म्हणजे नोव्हेंबर २०२४ पर्यंत टर्बो वॉरंटीच्या छत्राखाली होता, निदान मी तसे समजत होतो.

बिघाडाचे पहिले लक्षण खंबाटकी घाटात दिसले. पुण्याहून साताऱ्याला जाताना तेव्हा घाट चढावा लागे आणि परतताना बोगद्यातून यावे लागे, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना माहीत आहे. मालाने भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ रखडल्यावर रस्ता मोकळा झाला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीने पिकअप घेतलाच नाही. इंजिन फिरत होते, आवाज नेहमीसारखा होता, पण एखाद्या जुन्या, टर्बो नसलेल्या लहान गाडीइतकाही दम उरला नव्हता. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. खंडाळ्याच्या बाजूने मागे-पुढे ट्रक असताना, कुटुंब गाडीत असताना आणि ओव्हरटेक अर्ध्यावर असताना ताकद जाणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगण्यापेक्षा एवढेच सांगतो की त्यानंतर कित्येक महिने मी दुपदरी रस्त्यावर एकाही वाहनाला ओलांडले नाही. वर पोहोचल्यावर गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर ताकद परत आली होती. दिवा मात्र पुढचे काही दिवस लागलेलाच होता आणि मग तोही आपोआप विझला.

या स्वभावामुळेच पुढचा सगळा गोंधळ झाला, म्हणून त्यामागचे कारण थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर टर्बोचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. पेट्रोल इंजिनात हे वायू नऊशे अंश सेल्सियसच्या पुढे जातात आणि दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारू शकतो. दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची एक झडप असते. ती उघडली की वायू चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातात. ही झडप ज्या बुशमध्ये फिरते ते झिजले, किंवा त्यावर कार्बन साचून धातू तापल्यावर ती अडकू लागली, तर झडप पूर्ण बंद होत नाही आणि दाब तयार होत नाही. मागितलेला दाब आणि प्रत्यक्षातला दाब यांत मोठे अंतर दिसले की इंजिनचा संगणक पी-०२९९ हा कोड नोंदवतो आणि इंजिनाच्या रक्षणासाठी ताकद तोडतो. बहुतेक वेळा इग्निशन बंद केल्यावर ही तोड सुटते. गाडी थंड झाली की झडपही सुटते. सर्व्हिस सेंटरला गाडी सकाळी थंड अवस्थेत मिळते, त्यामुळे तिथे ती नेहमीच निरोगी दिसते.

पहिल्या भेटीत नेमके हेच झाले. संध्याकाळी फोन आला, "सर, गाडी ओके आहे, कोड क्लिअर केलाय." जॉब कार्डावर तक्रार म्हणून "जनरल चेकअप" असे लिहिले होते. मी ते बदलून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेतली नाही, आणि या अनुभवातून एकच गोष्ट कोणी उचलायची असेल तर ती ही उचलावी: जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत, पूर्ण वाक्यात, किलोमीटर आणि तारखेसह लिहून घ्यावी. "घाट चढताना इंजिन तापल्यावर टर्बोचा दाब जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केल्यावर ताकद परत येते," असे वाक्य मी लिहायला लावले. सल्लागार तरुण आणि सभ्य होता. रकान्यात एवढे मावत नाही म्हणाला, तेव्हा मागच्या बाजूला लिहून त्यावर शिक्का घेतला. पुढे आयोगासमोर सर्वांत जास्त वजन याच शिक्क्याला आले.

घरी आल्यावर १,४०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली जो सोळा पिनांचा सॉकेट असतो त्यात तो बसतो आणि फोनवर माहिती दाखवतो. कंपनीच्या स्कॅनरवर मागितलेला दाबही दिसतो, या स्वस्त साधनावर फक्त प्रत्यक्षातला दिसतो, पण तेवढ्यानेही काम भागते. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेतला, दाब त्याच्या वर जितका चढतो तितके टर्बोचे काम. सकाळी थंड गाडीत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर मला १९० च्या आसपास आकडा दिसत होता आणि घाटात तापल्यावर ११० च्या पुढे काटा सरकत नव्हता. गाडी चालवताना फोनकडे बघू नये. अ‍ॅप नोंद साठवून ठेवते, आणि माझ्या बाबतीत शेजारच्या आसनावरून पत्नी नोंद सुरू-बंद करत होती.

याच साधनाने फ्रीझ फ्रेमही वाचता येते. कोड नोंदवला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनाच्या फेऱ्या, भार आणि पाण्याचे तापमान संगणक टिपून ठेवतो. कोड क्लिअर केला की हे टिपणही पुसले जाते, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा सर्वप्रथम तेच केले जाते. त्यामुळे गाडी आत देण्यापूर्वी दारातच त्या पडद्याचा फोटो घ्यावा आणि तो लगेच सल्लागाराला ईमेलने पाठवावा, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप नोंदवली जाते.

एप्रिलमध्ये इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा होज आणि त्याचे क्लॅम्प बदलले, संगणकाचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले. जूनमध्ये वेस्टगेटची झडप हलवणारा इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटर बदलला. दोन्ही कामे वॉरंटीत झाली आणि दोन्ही वेळा काही दिवस गाडी बरी वाटली. हे क्रमाने स्वस्त भागापासून महाग भागाकडे जाणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही, त्यामुळे या टप्प्यावर मी भांडलो नाही. फक्त प्रत्येक वेळी काढलेल्या भागाचा क्रमांक, बसवलेल्या भागाचा क्रमांक आणि चाचणीसाठी गाडी किती किलोमीटर फिरवली याची नोंद मागून घेतली. पावसाळ्यात हवा गार असल्याने त्रास कमी झाला, तरी जुलैअखेरीस पसरणी घाटाच्या चढावर तोच कोड पुन्हा आला.

ऑगस्टमध्ये त्यांच्या तंत्रज्ञाने अखेर गरम इंजिनावर तपासणी केली. वेस्टगेटचा दांडा अडकत असल्याचे त्यानेच मला दाखवले. ही झडप टर्बाइनच्या आवरणातच बसवलेली असल्याने पूर्ण टर्बो बदलावा लागणार होता. अंदाजपत्रक १ लाख १२ हजार रुपयांचे आले. वॉरंटीचा दावा कंपनीकडे गेला आणि आठवडाभराने फोनवर तोंडी नकार मिळाला. कारण सांगितले गेले की पेट्रोलमधील भेसळीमुळे टर्बाइनवर कार्बन साचला आहे.

तोंडी नकारावर पुढे काहीही उभे राहत नाही. मी नकार लेखी मागितला. त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे ईमेल, स्मरणपत्र, पुन्हा फोन असा प्रकार चालला आणि मला वाटते संपूर्ण प्रकरणात सर्वाधिक मनस्ताप याच काळात झाला, कारण "वरून कळवतील" या उत्तराला वेळेची मर्यादा नसते. सप्टेंबरच्या मध्यावर तेच भेसळीचे कारण देणारा ईमेल आला. त्याला उत्तर देताना मी एकच गोष्ट विचारली: पेट्रोलचा नमुना केव्हा घेतला, कोणत्या प्रयोगशाळेत तपासला आणि अहवाल कुठे आहे? नमुना घेतलेलाच नव्हता. दुसरा ईमेल आला, त्यात भेसळीचा उल्लेख गायब होता आणि बिघाड हा "नियमित झीज" या सदरात मोडतो असे म्हटले होते. एकाच भागासाठी, एकाच महिन्यात, दोन निराळी कारणे लेखी मिळाली.

इंधनाविषयी एक आडकथा इथेच सांगून टाकतो. पंपावर ग्राहकाने मागितल्यास फिल्टर पेपरची चाचणी करून दाखवावी लागते: कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. ही चाचणी ढोबळ आहे आणि तिच्यावरून सगळी भेसळ कळत नाही. तरीही ठरावीक पंपावरच पेट्रोल भरणे आणि पैसे कार्डाने किंवा यूपीआयने देणे यामुळे माझ्याकडे इंधनाचा सलग हिशोब होता. इंजिन ऑइलच्या बदलाच्या पावत्याही मुदतीतल्या होत्या. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, त्यामुळे ऑइल उशिरा बदलले असते तर नकाराला खरेखुरे कारण मिळाले असते.

यानंतर स्वतंत्र मत हवे होते. ओळखीतून भोसरीजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो, जिथे टर्बोचीच कामे होतात. तिथल्या काकांनी प्रथम धुराची चाचणी करून होजमध्ये कुठे गळती नाही याची खात्री केली, मग गाडी तापवून वेस्टगेटचा दांडा हाताने हलवून पाहिला, त्याचे चित्रीकरण केले आणि लेटरहेडवर अहवाल दिला. खर्च ३,५०० रुपये. उष्णता सोसणारे वंगण टाकून दांडा तात्पुरता मोकळा करता येईल असेही ते म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "पण केस करणार असाल तर हात लावू देऊ नका." हा सल्ला मोलाचा होता. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग दोषाची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकतो, आणि मधल्या काळात भाग उघडलेला असेल तर समोरच्या पक्षाला छेडछाडीचा आरोप करायला जागा मिळते. गाडी आहे तशी ठेवली. शहरात हलक्या पायाने वापरली, साताऱ्याला एस.टी.ने गेलो.

सप्टेंबरअखेरीस राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही सेवा विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मिळवते, पण आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. मला ठरावीक साच्यातले उत्तर आले आणि तक्रार बंद झाली. तरीही हा टप्पा वगळू नये, कारण डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) आणि कंपनीचे उत्तर हे दोन्ही नंतर जोडपत्रांत लागतात आणि आपण सामोपचाराचा प्रयत्न केला होता हे दिसते.

ऑक्टोबरमध्ये वकिलांकडे गेलो. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. पण तांत्रिक वाद असल्याने मी वकील घेतला. नोटिशीचे ४,००० आणि प्रकरणाचे २५,००० रुपये ठरले. पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी माझी एक कल्पना खोडून काढली. मला पूर्ण गाडी बदलून हवी होती. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल समोर ठेवला, ज्यात वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची आहे, संपूर्ण वाहन बदलण्याची नाही, असे म्हटले आहे. त्यामुळे मागणी आटोपशीर ठेवली: टर्बो विनामूल्य बदलून द्यावा, तपासणीचा आणि टोइंगचा खर्च द्यावा, मानसिक त्रासाबद्दल ५०,००० आणि दाव्याचा खर्च. विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही पक्षकार केले. एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. रजिस्टर पोस्टाने गेलेल्या नोटिशीची पोहोच आली, उत्तर आले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील एक सोय अनेकांना माहीत नसते: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. जिल्हा आयोगाची मर्यादा मोजताना आपण दिलेली किंमत धरतात आणि ती ५० लाखांपर्यंत आहे. दिलेली किंमत १० ते २० लाखांच्या दरम्यान असल्याने फी ४०० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. वॉरंटीची मुदत नोव्हेंबरमध्ये संपली होती, परंतु बिघाड आणि दावा दोन्ही मुदतीतले असल्याने त्याची अडचण आली नाही. जॉब कार्डांवरच्या तारखा इथे पुन्हा उपयोगी पडल्या.

कागद ई-दाखिल या संकेतस्थळावर चढवले. पीडीएफ स्पष्ट स्कॅन केलेल्या, पानांना सलग क्रमांक दिलेल्या आणि अनुक्रमणिकेसह असाव्यात. माझी पहिली फाइल पावत्या अस्पष्ट असल्याने त्रुटीसह परत आली. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही नवी प्रणाली सुरू झाली, आणि तिथे आपले प्रकरण दिसते की नाही हे पाहण्यात थोडा वेळ गेला. ऑनलाइन दाखल करूनही छापील संच मागितले गेले, तेव्हा झेरॉक्स आणि नोटरी मिळून दीड हजारांच्या आसपास खर्च झाला. फोनमधल्या नोंदी आणि चित्रफिती यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडले. ग्राहक आयोगाला पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर लागू होत नाहीत, पण वकीलबाईंनी हट्ट धरला आणि नंतर त्या नोंदींवर कोणी आक्षेप घेतला नाही.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे सामान्यतः २१ दिवसांत ठरावे असे कायदा म्हणतो; माझे फेब्रुवारीत ठरले. समोरच्या पक्षाला लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ही मुदत आपणही मोजत राहावी. कंपनीचे म्हणणे मुदतीच्या अगदी काठावर आले. तपासणी लागणारी प्रकरणे पाच महिन्यांत निकाली निघावीत ही कायद्यातली अपेक्षा आहे, प्रत्यक्षातल्या तारखा निराळ्या असतात. एका तारखेला दुपारपर्यंत बसून फक्त पुढची तारीख घेऊन परतलो. अशा दिवशी नोकरदार माणसाची अर्धी रजा जाते, ती हिशोबात धरावी.

जूनमध्ये आयोगाने कलम ३७ खाली मध्यस्थीचा पर्याय सुचवला. त्यासाठी दोन्ही पक्षांनी पाच दिवसांत लेखी संमती द्यायची असते. मी साशंक होतो, कारण मध्यस्थी म्हणजे अर्धे सोडून देणे असा माझा समज होता. प्रत्यक्षात मध्यस्थांनी कागद बारकाईने वाचले होते. त्यांनी कंपनीच्या प्रतिनिधीसमोर दोन ईमेल शेजारी-शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारले की यातले कंपनीचे खरे म्हणणे कोणते समजायचे. प्रतिनिधीने वेळ मागून घेतला. पुढच्या बैठकीत टर्बो बदलून देण्याची तयारी दाखवली गेली. मानसिक त्रासाच्या भरपाईचा आग्रह मी सोडला. तपासणी आणि टोइंगचा खर्च, शिवाय दाव्याच्या खर्चापोटी १५,००० रुपये मान्य झाले. वकिलांची फी पूर्ण वसूल झाली नाही. प्रकरण लढवत राहिलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, पण त्यासाठी गाडी आणखी किती काळ घाटाखाली बांधून ठेवायची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

समझोत्याचा मसुदा कंपनीकडून आला, त्यात "आवश्यक दुरुस्ती करण्यात येईल" असे मोघम वाक्य होते. ते आम्ही बदलून घेतले. नवा टर्बो असेंब्ली, जुना दुरुस्त केलेला नव्हे. त्याचा भाग क्रमांक. सोबत गॅस्केट, ऑइलची नळी, कूलंट आणि ऑइल-फिल्टर यांचा खर्च कोणाचा. काम पूर्ण करण्याची मुदत. आणि बसवल्यानंतर इंजिन गरम असताना चढावर चाचणी घेऊन दाबाची नोंद मला द्यायची, हे सर्व त्यात लिहिले गेले. नवा भाग मूळ वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीपुरताच वॉरंटीत असतो, असे कलम अनेक पुस्तिकांत असते. माझी मूळ मुदत संपलेली असल्याने त्या कलमाचा अर्थ शून्य दिवस असा झाला असता, म्हणून नव्या टर्बोला बसवल्याच्या तारखेपासून स्वतंत्र एक वर्षाची वॉरंटी लिहून घेतली. समझोता आयोगाने नोंदवून आदेश दिला, ऑगस्टमध्ये काम झाले, आणि आदेशाची प्रमाणित प्रत, चाचणीची नोंद व नव्या भागाचे बिल मी गाडीच्या फाइलमध्ये लावले आहे. त्या बिलावर भागाची किंमत शून्य दाखवली असली, तरी त्याचा क्रमांक आणि किलोमीटर स्पष्ट छापलेले आहेत.